गुळाच्या खड्यातली वार

मी वार खाल्ली नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कोणाचा जीव टांगणीला लागायला नको. बाळाच्या मागोमाग बाईच्या पोटातून जी वार पडते, तिचा तुकडा बाळंतिणीनं गुळात गुंडाळून गिळला की दूध उतरतं आणि मूल टिकतं, असं माझ्या सासरी मानत. सासर काही आडगावातलं नव्हतं. बालाघाट शहरात, कचेरीपासून हाकेच्या अंतरावर, तीन पिढ्या सरकारी नोकरीत असलेलं मराठी घर. चातुर्मासात कांदा उंबरठ्याच्या आत येत नसे. समोरच्या बिऱ्हाडाबाहेर अंड्याचं टरफल दिसलं तर सासूबाई आपल्या दारात पाणी शिंपडायच्या. आणि त्याच घरात हे! मला आधी हसू येतं, आणि हसून झालं की राग येतो.

मी शेतकऱ्याची मुलगी. किरनापूरच्या पलीकडं आमचं गाव, धानाची शेती, दोन बैलजोड्या, चार गायी. ज्या वर्षी नागपूर तिकडच्या राज्यात गेलं आणि आम्ही इकडं मध्यप्रदेशात राहिलो, त्या वर्षी मी दहा वर्षांची होते. मोठी माणसं ओट्यावर बसून त्यावरून भांडत होती, आणि बापानं माझ्या हातात काठी देऊन मला गोठ्यात बसवलं होतं. गाय व्याली होती, पण वार पडायची होती.

“डोळा लावू नको,” बाप म्हणाला होता. “गायीनं थे खाल्लं तं दूध आटते.”

सकाळपासून दुपारपर्यंत मी बसून राहिले. पायांना मुंग्या आल्या. वार पडली तशी गाय मान वळवून तिच्याकडं जायला लागली आणि मी तिच्या तोंडापुढं काठी आडवी धरून बापाला हाका मारल्या. तो आला, वार उचलली, जुन्या पोत्यात बांधली आणि गावाबाहेरच्या वडाला टांगून आला. वडाला खरचटलं तरी दूध येतं, म्हणून वडच. यात खरं किती आणि खोटं किती, मला माहीत नाही. बापालाही नसावं. पण हे काम आमच्या घरी कधी चुकलं नाही.

बापाचा दुसरा नियम असा, की वासरू आधी. ते पायावर उभं राहायच्या आत तो पेंढ्यानं त्याला पुसून त्याचं तोंड सडाला लावायचा. पिवळाजर्द, घट्ट चीक आधी वासराच्या पोटात. ते तोंड फिरवेपर्यंत घरातल्या कोणी भांडं घेऊन गोठ्यात पाय ठेवायचा नाही. मग उरलेल्या चिकाचा खरवस व्हायचा, आणि तो आम्ही भावंडं भांडून भांडून खायचो.

हे दोन नियम मी आईच्या दुधाबरोबर शिकले असं म्हणवत नाही. ते बापाच्या गोठ्यात, शेणात पाय ठेवून शिकले. पुढं तेच कामाला आले.

सतराव्या वर्षी लग्न झालं. नवरा जंगल खात्यात कारकून, माणूस गरीब स्वभावाचा. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. मुलगी झाली. ती नऊ दिवस जगली.

तिच्याबद्दल मी कधी कोणाला फार सांगितलं नाही, इथं तेवढंच सांगते जेवढं लागतं. तीन दिवस मला तिला पाजू दिलं नाही. पहिलं दूध जड असतं, बाधतं, म्हणून माझ्या आईनं ते पिळून राखेत टाकायला लावलं. मुलीला कापसाच्या वातीनं गुळाचं पाणी. मला ओव्याचं पाणी आणि दोन खारका, भात बंद. चौथ्या दिवशी तिला माझ्या जवळ दिली तेव्हा तिच्यात ओढायचा जोर नव्हता, आणि मला दूध उतरत नव्हतं. नवव्या दिवशी ती गेली. आईनं कपाळ बडवून घेतलं आणि साऱ्या गावाला सांगितलं की हिला दूधच नव्हतं.

महिन्याभरात आमची तांबडी गाय व्याली. मी गोठ्याच्या दाराशी बसले होते. बापानं सवयीनं वासरू पुसलं, सवयीनं सडाला लावलं. मी बघत राहिले आणि माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. आत चुलीजवळ जाऊन मी आईला विचारलं, “वासराले चीक पाजता. माह्या पोट्टीले काहून नाही पाजू देल्ला?”

आई म्हणाली, “वासरू वासरू हाय, माय.”

मी त्यानंतर माहेरी खरवस खाल्ला नाही. आईनं दोनदा वाटी पुढं केली, दोनदा मी परत सरकवली.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सासूनं जाहीर केलं की या खेपेला माहेर नाही, बाळंतपण बालाघाटलाच, तिच्या डोळ्यासमोर. मी हो म्हटलं. माहेरी जायला माझंही मन नव्हतं. सासूबाई तशा वाईट नव्हत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. अंगानं बारीक, आवाज मात्र भल्याभल्यांना गप्प करणारा. त्यांचं एक विचित्र होतं, त्या गूळ खात नसत. संक्रांतीला साऱ्या गल्लीला तिळगूळ वाटायच्या, स्वतः कण तोंडात टाकायच्या नाहीत. पुरण शिजलं की त्यांच्यापुरत्या वाटीभर डाळीत साखर घालावी लागे. मला वाटायचं, शहरी नखरा.

मार्गशीर्षातली दुपार होती. नवरा बैहरकडं साहेबाबरोबर दौऱ्यावर. पुरुष अशा वेळी दौऱ्यावर असतात, नसले तर ओसरीवर असतात, दोन्ही सारखंच. ओसरीवर सासरे होते, तहसिलीतून निवृत्त झालेले, मोठ्यानं पोथी वाचत बसलेले. मागच्या खोलीत बाजेवर मी, पायथ्याशी दाई, उशाशी सासू. पुन्हा मुलगीच झाली, आणि हिनं आल्याबरोबर असा टाहो फोडला की सासऱ्यांची पोथी थांबली. मी रडले. जिवंत रडणं ऐकून मी आनंदानं रडले, हे लिहायला मला लाज नाही.

दाईनं नाळ कापली, मुलगी पुसून सासूच्या मांडीवर दिली. थोड्या वेळानं वार पडली. दाई तिला फूल म्हणायची. तिनं ती मडक्यात ठेवली, सासूकडं पाहिलं, सासूनं मान हलवली. मी अर्धवट डोळे मिटून पडले होते, पण शेतकऱ्याच्या मुलीचं लक्ष वारेवरून हलत नाही. दाईनं मडक्यावर वाकून विळ्यानं काहीतरी कापलं. मग सासूच्या हातात पितळेची वाटी आली आणि वाटीत गुळाचा खडा, बोराएवढा.

“तोंड उघड,” सासू म्हणाली.

“गुळात काय हाय, आत्याबाई?”

“दुधाचं औषध हाय.”

“मडक्यातलं हाय ना?”

दाई मध्येच लाडीगोडीनं म्हणाली, “बाई, थोडा सा है, हरबरे जितना. आँख मूँदके निगल जाओ, ऊपर से पानी पी लो. पता भी नहीं चलेगा.”

“पता तो चल गया,” मी म्हटलं.

सासूचा चेहरा ताठ झाला. “पहिलीच्या वेळी तुह्या मायनं काही केलं नाही. म्हणून गेली थे. ज्या बाईचं एक लेकरू गेलं, तिनं हे घ्यावंच लागते. आमच्या घरात असंच हाय.”

पहिलीचं नाव निघालं. मी तोंड घट्ट मिटलं. दातांवर दात.

“गाय खाते,” सासू म्हणाली. “कुत्री खाते, मांजर खाते. मुक्या जनावराले समजते, तुले समजत नाही काय?”

आता मात्र माझं डोकं फिरलं. ज्या घरानं तीन पिढ्यांत गायीच्या शेपटीला हात लावला नाही, दूध गवळ्याकडून तांब्यात मोजून घेतलं, त्या घरानं मला गाय शिकवावी! मी कोपरावर उठून बसले. “आत्याबाई, तुमी गाय पाळली कधी? माह्या बापाच्या गोठ्यात गायीले हे खाऊ देत नाही. मी सोता काठी घेऊन बसत होती. खाल्लं तं दूध आटते म्हणतात आमच्याकडे. तुमी म्हणता उतरते. कोनाचं खरं? बापानं चार गायी पाळल्या, तुमी एक बी नाही.”

उत्तर नसलं की माणूस हुकूम करतो. सासूनं मुलीला छातीशी आणखी घट्ट धरलं आणि म्हणाली, “आधी गीळ. मंग पोट्टी देतो.”

मुलगी तोंड उघडून इकडं तिकडं मान फिरवत होती. ते ज्यानं पाहिलंय त्याला कळेल, ते मूल काय शोधत असतं. आणि सासू तिला धरून बसलेली, मध्ये गुळाचा खडा. मला क्षणभर वाटलं, गिळून टाकावं. हरभऱ्याएवढं तर आहे. काय बिघडतं? पोरगी हातात येईल. मग वाटलं, आज हे गिळलं तर उद्या ही म्हणेल तीन दिवस पाजू नको, तेही गिळावं लागेल. माझी पहिली अशीच गेली, सगळ्यांचं ऐकून.

मी जेवढा होता तेवढा आवाज काढून ओरडले, “मामाजी!”

ओसरीवरची पोथी पुन्हा थांबली. “काय झालं वं?”

सासूचा रंग उतरला. या घरातल्या बायका पिढ्यानपिढ्या हे करत होत्या आणि एकाही पुरुषाला ठाऊक नव्हतं. ज्यांच्या ताटाला चातुर्मासात कांद्याचा वास चालत नाही त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडं काय गिळलं जातं, हे सासऱ्यांना कळलं असतं तर त्यांनी घर धुऊन काढलं असतं, आणि बायकोच्या हातचं पाणी वर्षभर घेतलं नसतं. मला हे माहीत होतं. मी सासूकडं बघून हळूच म्हटलं, “सांगू? गुळात काय हाय थे सांगू?”

“सूनबाईले काय पाहिजे?” बाहेरून पुन्हा आवाज आला.

“काही नाही जी,” सासू म्हणाली. “पाणी मागून राह्यली.” आणि तिनं मुलगी माझ्या हातात दिली.

ही काही साधी सरळ लढाई नव्हती, धमकीच होती. मला त्याची आजही खंत नाही. अंग फाटलेल्या बाईजवळ दुसरं हत्यार काय असतं?

मी मुलीला तिथंच, त्याच क्षणी छातीला लावलं. सासू हायहाय करत पुढं झाली. “तीन दिवस नाही पाजत! पहिलं दूध जहर असते.”

“जहर असते तं खरवस काहून करता?” मी म्हटलं. “गायीचं जहर इलायची टाकून खाता, आन् माहं फेकाले सांगता. जे मातीत टाकायचं थे मले चारता, जे लेकराले पाजायचं थे राखेत टाकता. सारं उलटंच हाय तुमचं.”

दाई पदर तोंडाशी धरून हसली. सासू मडकं उचलून बाहेर गेली. मागच्या अंगणात, न्हाणीजवळच्या जामाच्या झाडाखाली, आमच्याकडं पेरूला जाम म्हणतात, दाईनं खड्डा करून ते पुरलं. मला कुदळीचे घाव ऐकू येत होते. दाई जायला निघाली तेव्हा मी तिला हळूच सांगितलं, शेजारणीकडून भाताची पेज आणून दे. तिनं आणली, आणि सासूनं पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. रुसलेलं माणूस बोलत नाही, तसं मनाईही करत नाही, हा फायदा.

आता भीतीचं सांगते, कारण नुसती फुशारकी मारून चालणार नाही. मला फार भीती वाटत होती. त्या दिवशी तोंडानं मी जिंकले होते, पण माझं खरं की खोटं हे पोरगी ठरवणार होती. ती गेली असती तर मी वार न गिळल्यामुळं गेली की आणखी कशामुळं, कोणी विचारलं नसतं. मीच तिला मारली, असं जन्मभर म्हटलं असतं. मी तिला पाजत होते, तिचा श्वास मोजत होते, पुन्हा पाजत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती अंगावरची चोळी भिजल्यानं. दूध उतरलं होतं. एवढं, की मुलगी ठसकली.

तरी नववा दिवस बाकी होता. त्या दिवशी सासू सकाळपासून माझ्या खोलीच्या दारात तांदळाचं सूप घेऊन बसली. निवडून झालेले तांदूळ पुन्हा पुन्हा निवडत होती. बोलायचं बंद होतंच, पण मुलगी जरा शांत झाली की तिचा हात सुपावर थांबायचा. दहाव्या दिवशी ती दारात बसली नाही.

बाराव्या दिवशी बारसं झालं. बायका गेल्यावर सासू आत आली, बाजेच्या कडेला टेकली आणि मुलीच्या पायाला हात लावून बसली. म्हणाली, “मी तीनदा गिळलं.”

मी बाजेवर सरकून तिला नीट बसायला जागा केली.

“माहं पहिलं गेलतं. मंग तुहा नवरा झाला, तेव्हा गिळलं. तो राह्यला. मंग एक पोट्टी झाली, तेव्हा बी गिळलं. थे गेली. मंग तुहा दीर. तेव्हा बी.” तिनं बोटं मिटली. “सासूनं मान धरून तोंडात घातलं होतं. तेव्हापासून गूळ पाहिला का थेच तोंडात येते.”

एक पोट्टी गेली, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. तिलाही कोणी विचारलं नसेल.

“मंग मले काहून चारत होत्या?” मी विचारलं. माझ्या आवाजात माया नव्हती, खोटं कशाला सांगू. मला रागच आला होता, आधीपेक्षा जास्त.

“तुही एक गेलती ना,” सासू म्हणाली. “मी भेली होती.” मग उठता उठता म्हणाली, “मले कोनी इचारलंच नाही, बाई, पाहिजे का म्हणून. मले माहीतच नव्हतं, नाही म्हणता येते.”

मी तिला तेव्हा जवळ घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. मी जिद्दी बाई आहे, आणि जिद्दी माणसाला कधी थांबावं ते कळत नाही.

आठ वर्षांनी धाकट्या जावेचं बाळंतपण आमच्याच घरी आलं. दीर मलाजखंडला होता, तिथं तांब्याच्या खाणीचं काम नुकतं सुरू झालं होतं, आणि जावेच्या माहेरी तिच्या वहिनीचेही दिवस भरत आले होते. जावेचं आधी एकदा पोट पडलं होतं. म्हणून तिची आई वारासिवनीहून स्वतः आली, पिशवीत गुळाची भेली घेऊन. हा उपाय तिला कोणी सांगितला असेल? आमच्याच सासूनं, फार पूर्वी, माझ्या बाळंतपणांच्याही आधी, कुणाच्या तरी लग्नात बायकांच्या बैठकीत. पेरलेलं असं कुठंही उगवतं.

मुलगा झाला. वार पडली. जावेच्या आईनं दाईकडं वाटी सरकवली आणि भेलीतून दोन खडे फोडले. मी तोंड उघडणार, तोच सासू दारातून आत आली. आता ती वाकली होती, आवाज मात्र तोच.

“थांबा,” ती विहीणबाईला म्हणाली. मग जावेकडं वळली. “तुले पाहिजे का हे?”

खोलीत कोणाला काही कळेना. जाव भेदरून आईकडं पाहायला लागली. “साऱ्याच खातात म्हणते आई.”

“साऱ्या नाही खात. हिनं नाही खाल्लं,” सासूनं माझ्याकडं बोट केलं. मग खिडकीकडं. “आन् थे तिची पोट्टी.”

बाहेर माझी आठ वर्षांची मुलगी जामाच्या झाडावर चढून कच्ची फळं तोडत होती आणि खालच्या बकरीला नेम धरून मारत होती. जावेनं तिच्याकडं पाहिलं. “नको मले,” ती म्हणाली. अगदी बारीक आवाजात, पण म्हणाली. सासूनं मूल उचललं आणि तिच्या छातीला लावलं. तीन दिवसांची गोष्टही कोणी काढली नाही.

विहीणबाईचं तोंड फुगलं. “इतक्या वर्षांची रीत,” ती पुटपुटली. “तुमीच तं सांगतली होती.”

“हौ, मीच सांगतली होती,” सासू म्हणाली.

भेलीजवळ गुळाचे दोन्ही खडे तसेच पडले होते, नुसते, कोरे. सासूनं त्यातला एक उचलला. मला वाटलं फेकते. तिनं तो आपल्या तोंडात टाकला. तिचा चेहरा वाकडा झाला, डोळे भरले, हात गळ्याशी गेला. मी पाणी घेऊन पुढं झाले तर तिनं मला हातानं थांबवलं. मग ती तिथंच उभी राहून, साऱ्यांच्या देखत, तो खडा सावकाश चावत राहिली, आणि संपेपर्यंत तिनं पाणी घेतलं नाही.